आमच्या घरातली नासाडी

ज्या दिवशी मी बाबांना त्यांचा डबा एका बाईला देताना पाहिलं, तो बुधवार होता. मी नववीत होते. घरी येऊन मी ते आईला सांगितलं. गुरुवारपासून आईने डबा देणं बंद केलं.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी आमच्या घरातला एक शब्द सांगायला हवा. तो शब्द नासाडी.

भिलाईत आम्ही मराठी घरातच बोलायचो. शाळा हिंदीतून, बाजार हिंदीतून. शाळेच्या भिंतीवर आणि कारखान्याच्या पाट्यांवर 'अपव्यय' लिहिलेला असे. तो पाटीवरच राहायचा. कुणी कुणाला रागावून 'अपव्यय करू नको' म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. बाबा वाचनालयातून मराठी पुस्तकं आणत, त्यांत उधळपट्टी भेटायची. उधळपट्टी करायला हाताशी पुष्कळ असावं लागतं, तेव्हा ती आमच्या कामाची नव्हती. वाया जाणं हे आपसूक होतं. दूध उतू जातं, वाळवण भिजतं, त्यात कुणाचा हात नसतो. नासाडीला मात्र करणारा लागतो. नासाडी झाली असं म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, कोणी केली? या शब्दाच्या पोटात संशय पहिल्यापासूनच आहे, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा तो नुसता बाबांचा शब्द होता.

नळाला पाणी सकाळ-संध्याकाळ यायचं. बादली भरून वाहायला लागली की बाबा आतल्या खोलीतून तेवढा एक शब्द म्हणत. ओरडत नसत. 'नासाडी.' मी धावत जाऊन नळ बंद करी. पेन्सिल बोटांत धरता येईना इतकी लहान झाली की ते तिला जुन्या पेनचं टोपण बसवून देत. तांदूळ धुतलेलं पाणी कढीलिंबाला जाई. शिळ्या भाताला फोडणी, शिळ्या पोळीचा चुरा. त्यालाही काही उरलं तर ते गाईला. पण गाईपर्यंत क्वचितच काही जाई.

बाबा स्टोअरमध्ये क्लार्क होते. कारखान्याच्या भिंतीबाहेर, खुर्सीपारच्या बाजूला एक यार्ड होतं. ठेक्यावरच्या मजुरांना लागणारे हातमोजे, बूट, घमेली तिथून दिली जात. बाबांचा नियम असा की जुना हातमोजा परत दिल्याशिवाय नवा मिळणार नाही. तोही एका बोटाला भोक पडलं म्हणून नाही, तळवा फाटलेला दिसला पाहिजे. लोक तो खिडकीतून आत धरत आणि बाबा त्यात स्वतःचा हात घालून पाहत. त्यांना मागे काय म्हणतात ते आम्हाला माहीत होतं. शेजारच्या काकू तर तोंडावरच म्हणायच्या, "भाऊजी, तुमच्या घरी उंदीर आला तर रडत जाईन वापस."

काकूही आमच्यासारख्या नागपूरकडच्याच. त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये मेंदीचं कुंपण होतं, पण ते फक्त दिसायला. बोलणं पलीकडून अलीकडे सहज येई.

जेवताना बाबा ताट पुसून खात. शेवटी ताटात घोटभर पाणी टाकून, फिरवून ते पिऊन टाकत. डब्याचंही तसंच. संध्याकाळी सायकलच्या हँडलवरून डबा काढून ते आईच्या हातात देत तेव्हा तो धुतलेला, पुसलेला असे. स्वयंपाक चांगला झाला असं बाबांनी आईला कधी म्हटलेलं मला आठवत नाही. रिकामा डबा हेच त्यांचं म्हणणं. आई तो उघडून आत पाही, मग झाकण लावून फळीवर ठेवी. एवढ्यावर तिचं भागत असे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि बाबा वाळायला लागले.

आधी आमच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी पट्ट्याला दाभणाने एक भोक पाडलं. महिन्याभराने आणखी एक. आईने डब्यात तीनाच्या चार पोळ्या केल्या. डबा रिकामा आला. चाराच्या पाच केल्या. तरी रिकामा. घरी मात्र ते संध्याकाळी पोळीला हात लावेनासे झाले. पातळ वरण आणि त्यात कालवलेला मऊ भात, तोही अर्धी वाटी. "संध्याकाळी हलकं बरं," म्हणायचे. रविवारी डबा नसायचा, तर रविवारचा उपास धरला. सूर्याचा. दिवसभर ताक आणि दूध. ज्या माणसाने एकादशीलाही कधी साबुदाणा खाल्ला नाही त्याने हे धरलं.

"कोणासाठी?" आईने विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? सूर्यासाठी."

"सूर्याले आताच कावून आठवण झाली तुमची?"

बाबांनी पेपर वर केला.

आई हे सगळं कुंपणाशी उभी राहून सांगत नसे. ती तशी नव्हती. पण काकूंना सांगावं लागत नसे.

"पाहा वयनी," काकू एका दुपारी मटार सोलता सोलता म्हणाल्या, "माणूस पाच पोळ्या खाते आन् वाळत जाते, म्हणजे दोनच गोष्टी. एक तर जंत, नाही तर बाई."

"काहीही बोलता तुम्ही."

"मी कुठं बोलली बाई आहे म्हणून? जंताची गोळी देऊन पाहा पहिले."

आईने खरंच जंताची गोळी आणली. बाबांनी ती हातात घेऊन पाहिली, आईकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पाण्याबरोबर घेतली. घेताना मान वर करून बराच वेळ तशीच ठेवली. ते मी पाहिलं होतं. गोळी कडू असेल असं मला वाटलं.

आठ-दहा दिवसांनी काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काही फरक?" आईने मान हलवली. मटाराच्या शेंगा संपल्या होत्या, तरी काकू सूप झटकत राहिल्या.

त्यानंतर आईने जे केलं ते मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं. एका सोमवारी तिने डब्यात वांग्याची भाजी दिली आणि तिच्यात मीठ घातलं नाही. मुद्दाम. मला जवळ बोलावून चाखायला दिली. "आहे मीठ?" मी नाही म्हटलं. "ध्यानात ठेव."

संध्याकाळी डबा आला. रिकामा, पुसलेला.

"भाजी कशी होती?" आईने विचारलं. तिने आधी कधी असं विचारलं नव्हतं, म्हणून बाबा थांबले.

"बरी होती."

"सगळी खाल्ली?"

"मग काय, नासाडी करतो?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं. बाबा हातपाय धुवायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "मिठाशिवाय वांगं बरं लागते म्हणते. तुह्या बापाच्या पोटात ते गेलंच नाही. दुसऱ्याच कोणाच्या तरी गेलं."

बुधवारी आमच्या शाळेत कसल्याशा परीक्षेचं केंद्र होतं, म्हणून सुटी. आईने मला सायकल काढायला सांगितली. "जेवणाच्या सुटीत यार्डापाशी जा. पाहून ये. दिसू नको." मी का म्हणून विचारलं नाही. त्या वर्षी मी वाचनालयातली हेरांची पुस्तकं एकामागून एक वाचत होते. कुणावर पाळत ठेवायला मिळणार म्हणून मला मजाच वाटली, हे लिहून ठेवते.

यार्डाच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. तिच्या आडोशाला मी सायकल लावली. भोंगा झाला. मजूर बाहेर आले, झाडाखाली बसले. मग बाबा आले. फाटकापासून थोडं दूर, भिंतीच्या सावलीत एक बाई बसली होती. ठेक्यावर काम करणाऱ्या बायकांना तिथे रेजा म्हणतात, त्यांतली एक. माझ्या आईच्या वयाची, किंवा थोडी मोठी. घमेलं पालथं घालून त्यावर बसलेली, डोक्यावरची चुंबळ मांडीवर. बाबा तिच्यापासून दोन हातांवर विटांच्या ढिगावर बसले. त्यांनी डबा उघडला नाही. तसाच तिला दिला. तिने तो आपल्या जर्मनच्या डेगचीत रिकामा केला, पोळ्या पदरात बांधल्या, आणि डबा परत दिला. बाबांनी तो नळावर धुतला. रुमालाने आतून बाहेरून पुसला. मग परत येऊन बसले. ती जेवत होती. जेवता जेवता ती काहीतरी बोलली आणि बाबा हसले.

थोडंसं नाही, चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतकं हसले.

मी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. डबा, डेगची, पदर, नळ. एवढं पुरे होतं. पण मी हसण्याचंही सांगितलं. घरात ते कित्येक महिन्यांत तसे हसले नव्हते, तेही मीच वर जोडलं.

आई पोळ्या लाटत होती. तिने हातातली पोळी पूर्ण केली, तव्यावर टाकली, उलटली, उतरवली. मग गॅस बंद केला.

संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "उद्यापासून डबा नाही मिळायचा."

मला वाटलं आता भांडण होणार. बाबा विचारतील का, कशासाठी. मग आई सांगेल, आणि माझं नाव येईल. मी दाराआड उभी होते.

बाबा म्हणाले, "बरं."

फक्त तेवढं. आणि त्या 'बरं'मध्ये सुटका होती. ती आईनेही ऐकली, मीही ऐकली. सुटका कशापासून, ते आम्ही आमच्या मनाने ठरवलं.

"पाहिलं?" आई आत येऊन म्हणाली. "काही विचारलंसुद्धा नाही. म्हणजे तिकडं सोय आहे."

अकरा दिवस असे गेले. बाबा सकाळी चहा घेऊन जात आणि संध्याकाळी येऊन वरणाचं पाणी पीत. आई वाढायची, समोर बसायची नाही. मी दोघांकडे पाहत असे आणि मनात पुरावे गोळा करत असे. बाबांच्या शर्टाचा वास घेऊन पाहिला. पिशवी उपसली. पिशवीत ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा सापडला, अर्धा. ते तिच्या पोरांसाठी असणार, असं मी आईला सांगितलं. खरं म्हणजे बाबा ती पाण्यात भिजवून, पातळ करून पीत असावेत. हे मला कितीतरी वर्षांनी सुचलं, भाजी निवडताना, एकाएकी.

त्या बुधवारपासून मोजलं तर बारावा दिवस रविवार होता. बाबा पिशवी घेऊन बाजारात गेले होते. मागच्या दाराची कडी वाजली. मी उघडलं तर ती बाई.

दिवसा उजेडी, धुतलेलं लुगडं नेसून आलेली. ती एकटीच होती. मला पाहून हसली, जणू ओळखीची. मी आईला हाक मारली.

"बाई," ती छत्तीसगढीत म्हणाली, "बाबू के तबियत कइसे हे?"

"कौन बाबू?" आईचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"ओही, चश्मा वाले. अब डब्बा नइ लानय."

"अच्छा. डब्बा बंद हुआ तो पूछने आई क्या?"

मेंदीच्या पलीकडे काकूंनी कपडे वाळत घालणं थांबवलं होतं. ओला पंचा हातातच होता.

त्या बाईला आईचं बोलणं लागलं असावं, कारण ती दारातून एक पाऊल मागे सरली. पण गेली नाही. "नइ बाई, मोर घर भात हे," ती म्हणाली. मग तिने आपल्या गळ्यावर हात ठेवला. "ओकर टोंटा ले कौंरा नइ उतरय. पानी घलो अटकथे. मोर ससुर ल घलो अइसनेच होय रहिस."

घास घशाखाली उतरत नाही. पाणीसुद्धा अडकतं. तिच्या सासऱ्याचंही असंच झालं होतं. छत्तीसगढी आम्हाला चांगली कळत होती, तरी मी ते मनात मराठीत करून पाहिलं, दुसरं काही निघतं का म्हणून.

ती सांगत राहिली. दिवाळीपासून बाबा दुपारचं काही खात नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनीच तिला विचारलं होतं, हे घेशील का, उष्टं नाही. ती रोज सांगायची, घरी सांगा. तर म्हणायचे, आमच्या घरी अन्न टाकायचा रिवाज नाही.

"मेरी भाजी कैसी लगती थी?" आईने विचारलं. मला वाटतं तिला अजूनही पकडायचं होतं.

"बने लागथे बाई. एक दिन नून नइ रहिस." ती बाई पहिल्यांदा मोकळं हसली. "बाबू ल बतायेंव, त अब्बड हांसिस. कहिथे, मोर बाई ह मोला पकड़ डारिस." मीठ नव्हतं असं तिने सांगितलं तेव्हा बाबा खूप हसले होते, माझ्या बायकोने मला पकडलं म्हणाले होते.

आईने दार लावलं. जोरात नाही. त्या बाईला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. मी खिडकीतून पाहिलं, ती काही वेळ तिथेच उभी होती, मग गेली.

"शिकवून पाठवली तिले," आई म्हणाली.

"पण आई, मीठ..."

"मिठाचंही शिकवलं असंल."

ती स्वयंपाकघरात गेली. कणीक मळली. रविवार होता, बाबांचा उपास होता, तरी तिने त्यांचं एकट्याचं ताट वाढलं. एक पोळी, बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड. पाट मांडला. बाबा पिशवी ठेवून हात धुऊन आले आणि ताट पाहून थांबले.

"आज उपास आहे माझा."

"आज नाही. बसा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बसले. आई समोर बसली, गुडघे जवळ घेऊन. काकूंच्या घरचा रेडिओ बंद होता, हे मला चांगलं आठवतं. एरवी रविवारी तो बंद कधी नसे.

बाबांनी पोळीचा लहान तुकडा मोडला. भाजी लावली. तोंडात घातला आणि चावत राहिले. फार वेळ चावला. मग मान वर केली, जंताच्या गोळीच्या वेळी केली होती तशी. पाण्याचा घोट घेतला. दुसरा घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला, हात मांडीवर घट्ट मिटला. ते उठायला लागले, पण जायचं कुठे ते त्यांना कळेना. नासाडी तोंडात घेऊन माणूस कुठे जाईल?

आईने आपला हात त्यांच्या तोंडापाशी धरला. ओंजळ केली. म्हणाली, "टाका."

बाबांनी मान हलवली.

"टाका म्हणते ना मी!"

त्यांनी टाकलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. धाप लागली होती. ती थांबल्यावर त्यांनी ताट माझ्या बाजूला थोडं सरकवलं. "हे पोरीले दे. उष्टं नाही झालं."

आईने ते ताट स्वतःकडे ओढलं आणि खायला लागली. पोळी, भाजी, लोणचं, सगळं खाल्लं. बाबा पाहत होते. तिने ताटात पाणी टाकलं, बोटाने फिरवलं आणि तेही प्यायली. रडली नाही. नंतर उठून त्यांना म्हणाली, "उद्या दवाखाना."

दवाखान्यात, आणि मग नागपूरला, एकच प्रश्न विचारला गेला. कधीपासून? बाबा म्हणायचे, थोड्या दिवसांपासून. आई म्हणायची, दिवाळीपासून. अन्ननलिकेचं दुखणं होतं. पुढे नळीने दूध द्यायचे. आई नळीत थेंबभर दूध राहिलं तरी पाणी घालून ते पुढे ढकलायची आणि बाबा डोळ्यांनी बरोबर म्हणायचे. पुढच्या दिवाळीला आमच्याकडे दिवा नव्हता.

ते अकरा दिवस माझे आहेत. मी पुढे शिकले, शाळेत शिकवायला लागले. एका सहकारी बाईंचे यजमान डॉक्टर होते, त्यांना मी एकदा दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून हे विचारलं. ते म्हणाले, त्या दुखण्यात अकरा दिवसांनी काही फरक पडत नाही. मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाले असतील. गोष्ट कुणाची ते त्यांनी ओळखलं होतं.

बाबा गेल्यावर आई मला घेऊन खुर्सीपारला गेली होती. यार्डातलं ते काम संपलं होतं. ठेका दुसरीकडे गेला, त्याबरोबर मजूरही. कुणी उतईचं नाव घेतलं, कुणी चरोद्याचं. आम्हाला तर तिचं नावही माहीत नव्हतं. टपरीवाल्याने विचारलं, "कुछ काम था क्या?" आई मराठीतच म्हणाली, "पाणी विचाराचं राहिलं होतं."

काकूंनी मात्र पुढे कधी त्या गोष्टीचा विषय काढला नाही. त्यांनी स्वतःहून एकदा मेंदी छाटून खांद्याइतकी होती ती गुडघ्याइतकी केली, आणि सणासुदीला वाटी भरून काहीतरी पाठवत राहिल्या. आई वाटी रिकामी परत करत नसे.

आईचा संशय बाबांबरोबर गेला नाही. फक्त त्याचं तोंड फिरलं. ती म्हणायची, "मीठ नव्हतं हे त्यायले कळलं होतं. म्हणजे मी पाळत ठेवून राहिली हे कळलं होतं. मी काय समजून राहिली तेही कळलं असंल. तरी तिले सांगितलं, मले नाही. कावून?"

मी पहिल्या पहिल्यांदा उत्तरं द्यायचे. तुला काळजी वाटू नये म्हणून. स्वतःलाच खरं वाटत नसेल म्हणून. एकदा धीर करून म्हटलं, "आई, ताटात टाकलं तर कोणी टाकलं असा प्रश्न येतो आपल्या घरात. तो त्यांना नको असेल."

"मी रागावली असती का?"

"नाही."

"मग?"

बाहेर बाई आहे असा संशय सोसणं त्यांना सोपं गेलं आणि अर्धी पोळी टाकणं अवघड गेलं, असं असू शकतं का? मी ते पुष्कळ तपासून पाहिलं आहे. कधी वाटतं, असंच होतं. कधी वाटतं, त्यांना थोडे दिवस असा एक माणूस हवा होता ज्याच्यासमोर न जेवता बसता येईल. आणि कधी कधी, हे आता लिहिते आहे म्हणून लिहिते, तिसरंही वाटतं. ते ज्या तऱ्हेने हसले ते मी पाहिलं होतं. बायकोने पकडलं म्हणून हसणारा माणूस तसा हसेल. पण फक्त तेवढ्यासाठीच हसेल का, हे मला ठाऊक नाही. आई म्हणायची, तूच पाहिलंस, तूच सांग. तिने शेवटच्या आजारातही एकदा विचारलं.

शब्दकोशात मी नासाडी हा शब्द पाहिला. नुकसान, खराबी, वाया घालवणे, असं दिलं आहे. अर्थ बरोबर आहेत. शाळेत मुलांनी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. आमच्या घरात तो शब्द बाबांनंतर कुणी उच्चारला नाही. नळ वाहत असला की आई स्वतः उठून बंद करायची.

आई गेल्या हिवाळ्यात गेली. आता घरात मी एकटी आहे. दोघींचा स्वयंपाक करायची सवय गेलेली नाही, त्यामुळे रोज एक पोळी उरते. ती मी कुणाला देत नाही. टाकून देते.